धावत्या मोटारसायकलींवर बोलायचे कसे?

मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस पुढे वाकून काहीतरी सांगतो. चालवणारा मान जराशी वळवून विचारतो, "काय?" मागचा पुन्हा सांगतो, या वेळी ओरडून. पुढचा नुसतेच "हं, हं" म्हणतो, आणि जिथे वळायचे होते ते वळण मागे पडते. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पुढच्या किंवा मागच्या सीटवर बसून अनुभवलेला असेल. एकाचे तोंड आणि दुसऱ्याचा कान यांत जेमतेम हातभर अंतर, तरी ही अवस्था! मग वेगवेगळ्या मोटारसायकलींवरून एकत्र प्रवासाला निघालेल्या मंडळींनी एकमेकांशी बोलायचे कसे?

यासाठी हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम आता बाजारात मिळतात. हेल्मेटच्या बाहेरून अडकवायची एक लहानशी डबी, आत कानांपाशी दोन चपटे स्पीकर आणि तोंडासमोर एक माईक, एवढा हा संच. किंमत दोन-तीन हजार रुपयांपासून तीस हजारांच्या पुढेपर्यंत. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते : 'पल्ला १ किलोमीटर', 'पल्ला दीड किलोमीटर'. घेणारा बहुतेक वेळा हा आकडा पाहतो, किंमत पाहतो आणि निवड करून मोकळा होतो.

आमच्या मते हा पल्ल्याचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. असे का, हे समजून घ्यायला फार मोठे विज्ञान लागत नाही. ध्वनी, लहरी आणि त्यांचे परावर्तन हे शाळेतल्या पुस्तकातले धडे पुरतात. किंबहुना हे धडे शिकवताना हाताशी घ्यावे असे हे एक चांगले उदाहरण आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना मोटारसायकलींविषयी किती कुतूहल असते ते आपण जाणतोच.

हाक कुठे हरवते?

सुरुवात आकडेमोडीने करू. जोराने ओरडणाऱ्या माणसापासून एक मीटरवर आवाजाची पातळी साधारण ९० डेसिबल असते असे धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ही पातळी ६ डेसिबलने उतरते. या हिशोबाने ५० मीटरवर उरतात सुमारे ५६ डेसिबल. शांत वर्गात ५६ डेसिबलचे बोलणे सहज ऐकू येते. पण हेल्मेटच्या आत काय परिस्थिती असते?

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये, कानाजवळ माईक ठेवून मोजमापे झाली. ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० किलोमीटरला सुमारे ११० डेसिबल, असे आकडे त्यांतून पुढे आले. हेल्मेट, गाडीची पुढची काच आणि स्वाराची उंची यांप्रमाणे हे आकडे खालीवर होतात, पण अंदाजासाठी पुरेसे आहेत. म्हणजे ५० मीटरवरून आलेली ५६ डेसिबलची हाक आणि कानाशी ९० डेसिबलचा गोंगाट. फरक ३४ डेसिबलचा. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि ३ डेसिबल वाढले की सुमारे दुप्पट. त्यामुळे ३४ डेसिबलचा फरक म्हणजे गोंगाट हाकेच्या अडीच हजारपट तीव्र! हाक पोहोचतेच, पण बुडून जाते.

हा गोंगाट येतो कुठून? मुलांना विचारले तर बहुतेक जण म्हणतील, इंजिनातून आणि सायलेन्सरमधून. शहरातल्या कमी वेगात हे बरोबरही आहे. पण वेग वाढला की वारा इंजिनावर मात करतो. हवा हेल्मेटला वळसा घालून जाताना तिच्यात भोवरे तयार होतात. हे भोवरे हेल्मेटच्या कवचावर आणि खालच्या कडेवर आपटत राहतात. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की हेल्मेटच्या खालचा, हनुवटीजवळचा भाग हा या आवाजाचा एक महत्त्वाचा उगम आहे. गळ्याशी मफलर नीट गुंडाळला की आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच.

वरचे दोन आकडे वापरून आणखी एक गोष्ट काढता येते. वेग ६० वरून १६० झाला, म्हणजे सुमारे २.७ पट झाला, तेव्हा गोंगाट २० डेसिबलने वाढला. याच प्रमाणात वेग दुप्पट झाला तर वाढ होते सुमारे १४ डेसिबलची, म्हणजे तीव्रता पंचवीसपट. दहावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशोब लॉगॅरिदम न वापरता आलेख काढूनही करता येईल. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलो तर त्याच आलेखावरून ९६ डेसिबल येतात.

कानाचा जमाखर्च

आता इंटरकॉम या चित्रात आणू. तो रेडिओ लहरींनी मित्राचे बोलणे थेट आपल्या कानाशी आणून सोडतो. अंतराचा प्रश्न सुटला. पण गोंगाट तिथेच आहे! ९० डेसिबलच्या गोंगाटात बोलणे समजायचे तर स्पीकरचा आवाज निदान तेवढा तरी हवा. मग स्वार काय करतो? आवाज वाढवतो.

कानाला किती आवाज किती वेळ सोसवतो याविषयी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची एक शिफारस जगभर वापरली जाते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. या हिशोबाने ९० डेसिबलला मिळतात सुमारे अडीच तास आणि ९६ डेसिबलला ४० मिनिटांहूनही कमी. आता ९० डेसिबलच्या गोंगाटात ९० डेसिबलचे बोलणे मिसळले तर बेरीज १८० होत नाही. तीव्रता दुप्पट होते, म्हणजे पातळी होते ९३. वेळ पुन्हा निम्मा, सव्वा तास. पुण्याहून माणगावला पोहोचायच्या आतच दिवसाचा कोटा संपला!

अंतर्कर्णातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान दुखत नाही. प्रवासानंतर कानात काही वेळ घूं असा आवाज येतो, सकाळी बरे वाटते, आणि माणूस विसरून जातो. काही वर्षांनी घरची मंडळी तक्रार करतात की टीव्हीचा आवाज फार मोठा लावता. म्हणून इंटरकॉम निवडण्यातली पहिली पायरी इंटरकॉमच्या दुकानात नाहीच. ती आहे डोक्याला नीट बसणाऱ्या, खालून वारा कमी आत घेणाऱ्या, पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटची निवड. अर्ध्या हेल्मेटमध्ये माईक उघड्या वाऱ्यात राहतो. तिथे महागडा संचही निरुपयोगी ठरतो.

दुसरा उपाय लांबच्या, महामार्गावरच्या प्रवासासाठी : कानात घालायचे स्पंजाचे बोळे. पण बोळे घातले तर इंटरकॉम ऐकू कसा येणार? इथे जरा विचार करायला हवा. समजा, बोळ्यांनी १५ डेसिबल अडवले. मग गोंगाट ९० चा ७५ झाला आणि बोलणे ९० चे ७५. दोघांमधले प्रमाण बदलले नाही, त्यामुळे बोलणे पूर्वीइतकेच ओळखू येते. कानावरचा भार मात्र तीस पटींहून अधिक कमी झाला. उन्हात काळा चष्मा घालून वाचण्यासारखेच हे. कागद आणि अक्षरे दोन्ही सारखीच मंद होतात आणि डोळ्यांना वाचणे सोपे जाते.

माईकचे कसब

बोलणाऱ्याच्या बाजूलाही हाच झगडा असतो. माईकला वारा आणि शब्द यांत फरक कळत नाही. तो दाबातले बदल टिपतो आणि पुढे पाठवतो. हा फरक करण्यासाठी तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती स्पंजाची. स्पंजाच्या छिद्रांत वाऱ्याचे झोत मोडतात, पण ध्वनिलहरी पार जातात. ही वर्गात करून पाहण्याजोगी गोष्ट आहे. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करायला लावा, त्याच्यासमोर टेबलपंखा सुरू करा आणि एक मुलगा ठरावीक अंतरावरून आकडे मोजू दे. मग माईकच्या छिद्रावर स्पंजाचा तुकडा धरून तेच पुन्हा करा. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकवली की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी युक्ती जवळ आणि लांब यांतल्या फरकाची आहे. माईकचा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवतात. लांबून येणारा आवाज दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाब देतो, म्हणून पडदा फारसा हलत नाही. ओठांजवळून आलेला आवाज एका बाजूवर जास्त आणि दुसरीवर कमी दाब देतो, म्हणून पडदा हलतो. साहजिकच असा माईक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा आणि त्याची ठरलेली बाजू तोंडाकडे हवी. "माझा संच खराब आहे" या तक्रारींमागे पुष्कळदा उलटा बसवलेला माईक असतो.

तिसरी युक्ती आकड्यांची. वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारितांत असतो. शब्द ओळखायला लागणारा बराचसा मजकूर टेलिफोनप्रमाणे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतो. संचातली संगणक-चकती खालच्या वारंवारिता छाटून टाकते. स्पीकर मात्र कानाच्या भोकासमोर नेमका बसवावा लागतो. तो सरकला तर आधी वरच्या वारंवारिता जातात, आणि 'स', 'श', 'फ' ही अक्षरे एकमेकांत मिसळतात.

फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ साली नोंदलेली एक गमतीची गोष्ट इथे सांगायला हवी. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. इंटरकॉमवरही स्वार असाच ओरडतो, वास्तविक माईक ओठांशी असतो. ओरडण्याने शब्द फाटतात. सावकाश, छोट्या वाक्यांत बोलणाऱ्याचे बोलणे जास्त समजते.

खोक्यावरचा किलोमीटर

आता रेडिओचा भाग. बहुतेक इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ब्लूटूथ, घरचे वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही पत्ता हाच. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेनुसार विनापरवाना वापरता येतो. एवढ्या गर्दीत संभाषण टिकते कसे? ब्लूटूथ आपला पट्टा ७९ वाटांत विभागते आणि सेकंदाला १६०० वेळा वाट बदलते. एका वाटेवर अडथळा आला तरी पुढच्याच क्षणी संभाषण दुसरीवर गेलेले असते. वाट बदलत राहण्याच्या अशाच एका कल्पनेचे पेटंट १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतले होते. त्यांना पाणतीराचे नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये असे हवे होते.

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी किती? प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागा : साडेबारा सेंटिमीटर. या एका आकड्यात बरीच उत्तरे दडली आहेत. साडेबारा सेंटिमीटरची लहर डोंगराच्या सोंडेला वळसा घालत नाही. ओली पाने आणि माणसाचे शरीर तिला शोषतात, कारण दोहोंत पाणी भरपूर. धातू तिला परत फिरवतो.

हे मैदानात तपासता येते. एका मुलाच्या कानात ब्लूटूथचा इअरफोन द्या, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. मोबाइल छातीशी धरून, तोंड मित्राकडे ठेवून तो मागे मागे जाऊ दे. आवाज तुटेपर्यंतची पावले मोजा. मग पाठ वळवून तेच करा. पावले कमी होतील. शेवटी मोबाइल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद करून पाहा. इंटरकॉमची डबी हेल्मेटच्या डाव्या बाजूला असते, कारण उजवा हात अॅक्सिलरेटरवर गुंतलेला असतो आणि बटणे डाव्या हाताने दाबावी लागतात. त्यामुळे स्वाराच्या उजवीकडे जाणाऱ्या लहरींच्या आड त्याचे स्वतःचेच डोके येते.

सपाट रस्त्यावरही एक अडचण असते, ती म्हणजे खुद्द रस्ता. एका हेल्मेटकडून दुसऱ्याकडे लहरी दोन वाटांनी जातात : एक सरळ आणि एक रस्त्यावर आपटून. परावर्तन होताना लहर उलटी होते. अंतर वाढत जाते तसे या दोन वाटांच्या लांबीतला फरक घटत जातो, आणि सरळ आलेली व उलटी होऊन आलेली लहर एकमेकींना खोडू लागतात. हेल्मेट जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर सुमारे सव्वादोनशे मीटरनंतर हा परिणाम वरचढ होतो. तिथपर्यंत अंतर दुप्पट झाले तर शक्ती सरासरीने चौथा हिस्सा होते, त्यापुढे सोळावा. म्हणून दोनशे मीटरवर खणखणीत असलेले संभाषण चारशे मीटरवर एकदम विरून जाऊ शकते. खोक्यावरचा किलोमीटर हा मोकळ्या, सपाट जागेत, मध्ये काहीही नसताना मिळणारा आकडा असतो.

याउलट ताम्हिणी घाट आठवा. पौड, मुळशीवरून माणगावकडे उतरताना एकामागून एक वळणे, दोन्ही बाजूंना झाडी आणि पावसाळ्यात सगळे चिंब. पुढची गाडी डोळ्यांआड गेली की थोड्याच वेळात ती कानांआडही जाते. जिथवर दिसते तिथवर ऐकू येते, हा ढोबळ नियम घाटासाठी धरून चालायला हरकत नाही.

पल्ला सेकंदांत मोजा

मग आपल्याला पल्ला हवा तरी किती? पाच मोटारसायकली ताशी ६० च्या वेगाने एकामागे एक चालल्या आहेत. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दोन गाड्यांत ३ सेकंदांचे सुरक्षित अंतर ठेवले तर ते झाले ५० मीटर. पाच गाड्यांत चार अंतरे, म्हणून तांड्याची लांबी २०० मीटर. दहा गाड्यांची ४५० मीटर. सगळे नीट चालले असेल तर पाच जणांना किलोमीटरभर पल्ल्याची गरजच नाही.

गरज पडते ती काहीतरी बिघडल्यावर. समजा, पिछाडीच्या गाडीचे चाक पंक्चर झाले आणि ती थांबली. पुढचे चौघे ताशी ६० ने जातच आहेत. एका मिनिटात ते एक किलोमीटर लांब जातात. खोक्यावरचा किलोमीटर खरा मानला तरी थांबलेल्याच्या हाती ६० सेकंद असतात. प्रत्यक्षातले ४०० मीटर धरले तर २४ सेकंद. घाटात ताशी ४० चा वेग आणि वळणामुळे १५० मीटर पल्ला धरला तर १३–१४ सेकंद. त्यातही तांड्याच्या लांबीमुळे अगदी पुढच्याशी बोलायला याहून कमी वेळ. एवढ्यात गाडी सावरायची, कडेला घ्यायची आणि बोलायचेही!

म्हणून आमची सूचना अशी, की पल्ला मीटरांत न मोजता सेकंदांत मोजावा. संच कितीही चांगला असला तरी तो काही सेकंदांची उसंत देतो. "मी थांबतोय" हे तीन-चार सेकंदांचे वाक्य त्या उसंतीत आधी सांगायला हवे. पंक्चर कसे झाले ही हकीकत नंतर.

साखळी की जाळे?

आता गटाचा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये साखळी असते. पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी. अशा साखळीत बहुधा चारपर्यंत स्वार मावतात. पहिल्याचे बोलणे चौथ्यापर्यंत मधल्या दोघांच्या संचांतून जाते. नव्या पद्धतीत जाळे असते. प्रत्येक संच पल्ल्यातल्या इतर संचांना ओळखतो आणि निरोप मिळेल त्या वाटेने पुढे जातो. कार्डो आणि सेना या कंपन्यांच्या जाळ्याच्या संचांत गटाची मर्यादा अनुक्रमे १५ आणि २४ अशी सांगितलेली असते.

फरक कळायला सुतळी घ्या. पाच मुलांना ओळीने उभे करून शेजारच्या-शेजारच्यांत सुतळी द्या : चार तुकडे. आता मधल्या मुलाला सुतळ्या सोडायला सांगा. पहिले दोघे एकीकडे, शेवटचे दोघे दुसरीकडे. गट दुभंगला. मग त्याच पाचांना गोल उभे करून प्रत्येकाची प्रत्येकाशी सुतळी जोडा. किती तुकडे लागले? दहा. पुन्हा एकाला सोडायला लावा. बाकीचे चौघे जोडलेलेच राहतात. वरच्या वर्गात इथेच n(n−१)/२ हे सूत्र मुलांकडून काढून घेता येईल.

रस्त्यावर याचा अर्थ असा : साखळीतला मधला स्वार पेट्रोलसाठी थांबला तर संभाषण तुटते, आणि पुष्कळ संचांत पुन्हा जोडणी हाताने करावी लागते. जाळ्यात तो पल्ल्यात परतला की आपोआप सामील होतो. पण जाळ्यालाही रस्त्यावरची ओळ चुकत नाही. स्वार लांबलचक ओळीत विखुरले तर प्रत्येकाला फक्त शेजारचाच ऐकू येतो, आणि जाळ्याची साखळी होते. विज्ञान तेच राहते.

आणखी एक मेख. एका कंपनीचे जाळे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याशी सहसा बोलत नाही. तेव्हा ब्लूटूथच्या साध्या जोडणीवर यावे लागते आणि जाळ्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून गटाने आधी एकत्र बसून ठरवावे आणि मग घ्यावे.

तिसरा, स्वस्त मार्ग वॉकीटॉकीचा. ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच भारतात २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना चालतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर, त्यामुळे झाडाझुडपांतून त्या लहरी जरा बऱ्या जातात. मात्र एका वेळी एकानेच बोलायचे आणि तेही बटण दाबून. चालत्या गाडीवर ते बटण कुठे असणार, हा विचार आधी करावा.

निवडताना

इतके समजल्यावर निवड फारशी अवघड राहत नाही. चालवणारा आणि मागे बसणारा एवढ्या दोघांपुरतेच बोलायचे असेल तर पल्ल्याचा प्रश्नच नाही. साधा ब्लूटूथ संच पुरतो, आणि वाचलेले पैसे हेल्मेटवर खर्च करावेत. दोन-तीन गाड्या नेहमी बरोबर जात असतील तर साखळीचा संच चालतो. पाच-सहा किंवा जास्त गाड्या असतील, माणसे पुढेमागे होत असतील, तर एकाच कंपनीचे जाळ्याचे संच घ्यावेत.

पावसाळ्यासाठी खोक्यावर 'आयपी ६७' असे काही लिहिले आहे का ते पाहावे. यातला ६ हा आकडा धूळ मुळीच आत न जाण्याविषयी आहे, तर ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. बटणे हातमोजे घालून, न पाहता, बोटांनी ओळखता येतात का ते दुकानातच हेल्मेट घालून तपासावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. स्पीकर बसत नाही म्हणून हेल्मेटच्या आतले थर्मोकोलसारखे अस्तर कोरायचे नाही. टक्कर होते तेव्हा हे अस्तर चिरडले जाते आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ आणि अंतर मिळते, म्हणूनच कवटीवरचा आघात कमी होतो. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट भारतीय मानक ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्हाचे असणे सक्तीचे आहे. कोरलेले हेल्मेट ते चिन्ह मिरवते, पण त्यामागची हमी उरत नाही. स्पीकरसाठी कानापाशी मुळातच खोलगट जागा असलेली हेल्मेट मिळतात.

बोलावे किती?

शेवटचा प्रश्न विज्ञानाइतकाच शहाणपणाचा आहे. टोरोंटोमधल्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी १९९७ साली मोटारचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणारा फोन वापरल्याने तो कमी होत असल्याचे आढळले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुंतते ते लक्ष, हात नव्हे. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आला की आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो. इंटरकॉमवरचा मित्र या दोघांच्या मधला. तो त्याच रस्त्यावर आहे, पण त्याच जागी नाही. तो वळण पार करून सरळ रस्त्याला लागलेला असतो तेव्हा आपण नेमके वळणात असतो.

म्हणून अनुभवी गट काही साधे नियम पाळतात. पुढच्याने रस्त्याचे सांगायचे : "खड्डा", "डावीकडे वाळू", "समोरून बस". पिछाडीच्याने तांड्याचे सांगायचे : "सगळे आले". वळणांत, गर्दीत आणि ओव्हरटेक करताना गप्पा बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात पाहत राहायचे, आणि तो दिसेनासा झाला तर सुरक्षित जागा बघून थांबायचे. पुढचाही मग आपल्याला शोधत थांबतो, आणि अशा रीतीने थांबण्याचा निरोप एकही शब्द न बोलता आघाडीपर्यंत जातो.

हा आरशाचा नियमही एक साखळीच आहे. तिला बॅटरी लागत नाही. इंटरकॉम घ्यावा तो हा नियम आधी अंगवळणी पडल्यावर. मग संच बंद पडला, चार्ज संपला, डोंगर आड आला, तरी मागे राहिलेला माणूस एकटा पडत नाही. वर्गात सुतळीचा खेळ झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे : "सुतळी तुटली हे तुम्हांला कळणार कसे?" उत्तर शोधताना ती आपोआप एकमेकांकडे पाहू लागतील.